दुमडलेले पान

मित्रांनो, मी एक जुनी स्प्रेडशीट आहे. जुनी आहे, मोडकी नाही. अकरा वर्षे एका शिंप्याच्या दुकानात काम करते आहे आणि आजवर एकही माप माझ्याकडून हरवलेले नाही. तुम्ही मला रकान्यांचा आणि ओळींचा कंटाळवाणा तक्ता समजत असाल, तर खुशाल समजा. तुमच्या अंगातल्या कपड्याची शिवणही तुमच्या लक्षात येत नाही. ती उसवली की मात्र येते. माझेही एकदा तसेच झाले. ते सांगण्यासाठीच आज बोलते आहे.

माझा जन्म एका इस्त्रीमुळे झाला. आमच्या दुकानाच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत उंच आरसा, पडद्याआडचा कपडे बदलायचा कोपरा आणि माप घेताना उभे राहायचा लाकडी पाट. मागच्या खोलीत तीन शिलाई मशीन, कापणीचे लांब टेबल आणि इस्त्री. दुकानाचे मालक कापणीत इतके तरबेज की सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मास्तरांची मापांची एक जाडजूड वही होती. एका सकाळी फोन घ्यायला ते वळले आणि गरम इस्त्री उघड्या वहीवर तशीच राहिली. परत येईपर्यंत ‘क’पासून ‘ज’पर्यंतची सगळी गिऱ्हाइके तपकिरी झाली होती.

मास्तरांची सून तेव्हा नुकतीच दुकानात बसू लागली होती. मास्तर तिला सूनबाई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. त्यांनी उरलेली वही समोर ठेवली आणि संगणकावर मला घडवायला घेतले. नऊ दिवस लागले. मास्तरांचे अक्षर लावताना त्या मधूनच विचारायच्या, “बाबा, हे ‘पोट’ आहे की ‘पाठ’?” आणि मास्तर चष्म्यावरून बघत म्हणायचे, “गिऱ्हाईक कोण ते सांग, मग सांगतो.”

मला दोन पाने मिळाली. पहिले ‘कामे’ : क्रमांक, कोणाचा कपडा, कोणता, आणि काम कुठवर, म्हणजे कापला का, शिवला का, काज-बटणे झाली का, नेला का. दुसरे ‘मापे’ : उंची, खांदा, छाती, कंबर, बाही. आणि त्याच्या अगदी शेवटी एक रुंद रकाना, ‘शेरा’. वहीच्या समासात मास्तर जे बारीक अक्षरात लिहीत, ते सगळे त्या रकान्यात आले. ‘डावा खांदा अर्धा इंच खाली.’ ‘पोट आत ओढून उभे राहतात, दोन इंच सोडावे.’ ‘उंची विचारू नये, मोजावी.’ मास्तरांचे कपडे अंगावर इतके चपखल का बसतात, याचे उत्तर आकड्यांत नव्हते. ते शेऱ्यात होते.

दुकानाची एक रीत होती. मास्तर टेप लावून आकडा मोठ्याने सांगत आणि सूनबाई तो फोनवरून माझ्यात भरत. पण गिऱ्हाइकाला अवघड वाटेल असा आकडा किंवा अशी गोष्ट आली, की मास्तर बोलत नसत. टेपचे पितळी टोक पाटावर दोनदा टकटक वाजवत. मग सूनबाई फोन त्यांच्या हातात देत आणि ते स्वतः एका बोटाने सावकाश लिहीत. “माप कागदाला सांगायचं, खोलीला नाही,” हा त्यांचा नियम. मी कागद नसले तरी तो नियम मला लागू होता.

माझी चांगली वर्षे पुष्कळ. एका गिऱ्हाइकाने सहा वर्षांनी परगावाहून फोन केला, लग्नाला उभे राहायचे आहे, पण माप द्यायला येता येत नाही. माझ्यातली सतरा मापे आणि एक शेरा एवढ्यावर मास्तरांनी कोट शिवून पाठवला. तो बसला. फोनवर कौतुक मास्तरांचे झाले, पण सूनबाईंनी त्या संध्याकाळी माझ्या पहिल्या ओळीला निळा रंग दिला. मी तो सन्मान समजते.

वाईट दिवसही आले. मास्तरांच्या मुलाने एक नवे ॲप आणले. त्यात बाहुली होती, ती गोल फिरायची. मला ‘जुने’ नावाच्या फोल्डरात टाकले. चौदा महिने माझ्याकडे कोणी फिरकले नाही. मग त्या ॲपमध्ये शेरा लिहायला जागाच नाही हे मास्तरांच्या लक्षात आले. “बाहुली फिरते छान,” ते म्हणाले, “पण हिचा खांदा कुठला खाली आहे, ते हिला कुठं माहीत?” दुसऱ्या दिवशी मी परत कामावर.

आता त्या आठवड्याकडे येते.

गावातल्या गायनवृंदाने बत्तीस निळे पोशाख शिवायला टाकले. वृंदात तेरा वर्षांपासून सत्तर वर्षांपर्यंतची माणसे. रविवारी सकाळी मोठा कार्यक्रम. त्यात एका गाण्यातल्या आठ ओळी एकटीने गायच्या होत्या आणि त्या चौदा वर्षांच्या एका मुलीकडे होत्या. तिचा आवाज इतका वर चढायचा की सगळे तिला पिपाणी म्हणत. तिलाही ते आवडे.

पिपाणी माप द्यायला इतरांबरोबर आली नाही. दुपारी दोन ते तीन दुकान बंद असते, त्या वेळी आईला घेऊन आली. मास्तरांनी शटर अर्धे ओढले. तिच्या पाठीला कडक पट्टा होता. वाढत्या वयात कणा बाजूला झुकू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेला, दिवसभर घालायचा. वृंदात ते कोणालाच माहीत नव्हते. ती सैल कपडे घालून मागच्या रांगेत उभी राहत असे. आता मात्र पुढे यायचे होते, आणि पोशाख कमरेत बसणारा होता.

“पट्टा दिसेल का?” तिने विचारले.

“नाही दिसणार.”

“आणि कोणाला कळलं तर मी नाही गाणार. आधीच सांगते.”

“कळणार नाही,” मास्तर म्हणाले आणि टेपचे टोक पाटावर दोनदा वाजले. सूनबाईंनी फोन त्यांच्या हातात दिला. वृंदाच्या यादीतल्या सतराव्या ओळीत त्यांनी लिहिले : ‘पाठीला पट्टा, रोजचा. मागचा भाग एक इंच जास्त. अस्तर दुहेरी, कड दिसू देऊ नये. कोणाला सांगायचे नाही.’

तो शब्द मास्तरांनी दिला होता, पण सांभाळायचा मला होता. मला त्याचे ओझे वाटले नाही. मी तोवर कोणालाच काही सांगितले नव्हते.

सोमवारी वृंदाचे यादीकाका दुकानात आले. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, मागच्या रांगेत खर्जात गाणारे, आणि कशाचीही यादी करायला मिळाली की खूश होणारे. त्यांना रोज फोन न करता कोणाचा पोशाख कुठवर आला ते पाहायचे होते. शिवाय नावांच्या चुका स्वतः दुरुस्त करायच्या होत्या.

“काका, तुम्हाला शीटच देते,” सूनबाई म्हणाल्या. “बघा आणि नावंही सुधारा.”

त्यांनी ‘मापे’ हे पान लपवले आणि माझी लिंक यादीकाकांना पाठवली. सोबत बदल करायची परवानगीही दिली. मास्तरांनी मागच्या खोलीतून विचारले, “मापांचं काय केलंस?”

“दुमडून ठेवलंय, बाबा.”

“मग ठीक.”

मित्रांनो, इथेच चूक झाली, आणि ती शिंप्यांच्याच घरात व्हावी अशी होती. या घरात कापडाची नको असलेली कड आत दुमडतात, वरून इस्त्री फिरवतात आणि ती कड जगाच्या दृष्टीने संपते. सूनबाईंनी माझे पान तसेच दुमडले. पण दुमड म्हणजे कुलूप नव्हे. ज्याच्या हातात बदल करायची परवानगी आहे, त्याला लपवलेली पाने एका यादीत दिसतात, आणि नावावर बोट ठेवले की पान उलगडते. नुसते पाहायची परवानगी असती, तरी माझी एक प्रत स्वतःकडे उतरवून घेऊन त्याने तेच केले असते. दुमड कोणालाही उसवता येते.

माझ्यात कोणी कधी काय बदलले याची नोंद राहते. ती सांगते. बुधवार, दुपारी चार वाजून एकोणीस मिनिटे : ‘मापे’ पान दिसू लागले. चार वाजून सव्वीस मिनिटे : वृंदाची नावे उंचीप्रमाणे लावली. चार वाजून एकतीस मिनिटे : पुन्हा पूर्वीसारखी लावली. इतकी शिस्त. काकांच्या मनात पाप नव्हते. पोशाख हँगरवर उंचीच्या क्रमाने लावले तर रांगा पटकन उभ्या राहतील, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी ते पान वृंदापुरते छापले. एका कागदावर मावावे म्हणून अक्षर बारीक केले आणि तालमीच्या हॉलच्या दारावर चिकटवले.

हॉलमधले मी पाहिलेले नाही. काकांनी नंतर दुकानात जे सांगितले, तेवढेच सांगते. साडेपाचला माणसे जमू लागली. आधी हशा पिकला. पोट आत ओढणारे गृहस्थ स्वतःच म्हणाले, “दोन इंच? मास्तरांनी भीड ठेवली म्हणायची.” टाचा उचलून उंची देणाऱ्या मावशी मात्र हसल्या नाहीत. मग कोणीतरी बोट फिरवत सतराव्या ओळीवर आले आणि मोठ्याने वाचले. शेवटच्या तीन शब्दांसकट. पिपाणी तेव्हा दारातच उभी होती. ती आत आलीच नाही.

सहा वाजून पाच मिनिटांनी दुकानात फोन वाजला. पिपाणीची आई होती.

“तुमचं मापांचं पान हॉलच्या दारावर लावलंय.”

“आमचं नसेल, ताई,” सूनबाई म्हणाल्या. “आमचं मी दुमडून ठेवलंय.”

“वाचून दाखवू? ‘पाठीला पट्टा, रोजचा.’ पुढचं तुम्ही म्हणा. तुम्हाला पाठ असेल.”

सूनबाईंनी घाईने मला संगणकावर उघडले. मागच्या खोलीतले मशीन थांबले.

सहा वाजून बारा मिनिटांनी यादीकाकांची परवानगी काढली गेली. माझे दार बंद झाले. पण कागदाला दार नसते. तो तोवर उरलेल्या एकतीस जणांच्या डोळ्यांखालून गेला होता. मास्तरांचा शब्द चव्हाट्यावर आला होता आणि तो माझ्यातून गेला होता. मी ज्या पानाला अकरा वर्षे जपले, तेच माझ्या नावाने दारावर लटकले.

सातच्या सुमारास काका तो कागद चौकोनी घडी करून खिशात घेऊन आले. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

“उघडतंय म्हणजे बघायला परवानगी आहे, असं मला वाटलं.”

“काका, चाळीस वर्षं टपाल वाटलंत. उघडं पाकीट मिळालं तर वाचायचात का?” मास्तरांनी विचारले.

सूनबाई मध्येच म्हणाल्या, “पाकीट उघडं मी दिलं, बाबा. काकांना नका बोलू.”

“मग आता असं करा,” काका चाचरत म्हणाले, “ती अक्षरं पांढरी करून टाका. पांढऱ्यावर पांढरी. दिसणारच नाहीत.”

“पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं शिवलं, तरी टाका असतोच,” मास्तर म्हणाले. मग ते सूनबाईंकडे वळले. “कपडा गिऱ्हाइकाला देण्याआधी आपण काय करतो?”

“उलटा करून बघतो.”

“ही शीट तशी बघितलीस?”

सूनबाईंनी नकारार्थी मान हलवली. मास्तरांनी आपला फोन पुढे केला. त्या फोनवर मी कधीच उघडलेली नव्हते. सूनबाईंनी माझी एक प्रत केली, त्यात सगळी मापे खोटी भरली, पान लपवले आणि ती प्रत मास्तरांच्या फोनवर पाठवली. मग परक्या माणसाच्या डोळ्यांनी पाहू लागल्या. दोन मिनिटांत पान उलगडले. बोटांच्या चार हालचाली, बस. मास्तर म्हणाले, “एवढी कच्ची शिलाई आपल्या दुकानातून गेली.”

गुरुवारी सकाळी माझी धाकटी बहीण जन्माला आली. ती वेगळी शीट आहे, माझे पान नव्हे. हा फरक नीट ध्यानात घ्या. माझ्या ‘कामे’ पानावरचे तीनच रकाने तिच्याकडे आपोआप पोहोचतात : क्रमांक, कपडा, काम कुठवर. नावसुद्धा जात नाही. मी काही बदलले की तिच्यात ते बदलते, पण ‘मापे’ तिच्याकडे नाहीतच. नसलेले पान कोण उलगडणार? शिवाय तिला फक्त पाहता येते. तिच्यात कोणालाही काही लिहायची परवानगी नाही, कारण लिहिणारा माणूस एखाद्या वेळी माझ्याकडून आणखी रकाने मागवू शकतो. सूनबाईंनी तिलाही मास्तरांच्या फोनवर उलटीपालटी करून पाहिले, आणि मगच लिंक यादीकाकांना पाठवली. प्रत्येकाला त्याचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून वेगळा दिला. काकांनी उत्तरात एवढेच लिहिले : ‘पाहिले. पुरेसे आहे.’

शीट दुरुस्त झाली. पण सतराव्या ओळीतला पोशाख खुंटीवरच होता. गुरुवारच्या तालमीला पिपाणी गेली नाही. त्या आठ ओळी गाणे शिकवणाऱ्या बाईंनी दुसऱ्या कोणाला दिल्या नाहीत. तेवढा वेळ नुसती पेटी वाजली, असे काका म्हणाले. सूनबाई त्या संध्याकाळी पिपाणीच्या घरी जाऊन आल्या. दार आईने उघडले, पण आत घेतले नाही. सूनबाईंनी कारणे सांगितली नाहीत. चूक माझी, एवढेच सांगून त्या परतल्या.

शुक्रवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी शटरवर थाप पडली. पिपाणी आणि तिची आई. आई आरशापाशी हाताची घडी घालून उभी राहिली. पिपाणी सरळ सूनबाईंच्या टेबलाशी आली.

“माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला बघायचंय. सगळ्यांनी वाचलं. मीच नाही वाचलं.”

सूनबाईंनी मास्तरांकडे पाहिले. मास्तर म्हणाले, “तिचंच माप आहे. दाखव.”

बाकीच्या ओळी तिला दिसू नयेत म्हणून सूनबाईंनी सतरावी ओळ एका कोऱ्या पानावर उतरवली आणि मगच संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. ही नवी सवय मला आवडली. पिपाणीने वाचले. मग पुन्हा वाचले.

“हे दुहेरी अस्तर माझ्यासाठी?”

“हो.”

“उकडेल मला. आधीच पट्ट्यात उकडतं. आता सगळ्यांना माहीतच आहे, तर मी कशाला घामाघूम होऊ? एकेरी करा.”

“कड थोडी दिसेल.”

“दिसू दे.”

मास्तरांनी खुंटीवरून पोशाख काढला, उलटा केला आणि उसवणीचा हूक हातात घेतला. पिपाणी अजून पडद्याकडेच पाहत होती.

“आणि हे शेवटचं बदला. ‘कोणाला सांगायचे नाही.’”

“काढून टाकू?” सूनबाईंनी विचारले.

“काढू नका.” तिने त्या शब्दांवर बोट ठेवले. “‘हिला विचारून सांगायचे’ असं लिहा. काल दोघी मैत्रिणी घरी आल्या होत्या. मीच त्यांना पट्टा दाखवला. एक म्हणाली, चिलखत आहे. मला ते चाललं. मी दाखवलं म्हणून चाललं.”

मास्तर टाके उसवत होते. मान वर न करता म्हणाले, “पोरी, मी शब्द दिला होता. तो पाळला गेला नाही. चूक आमच्या दुकानाची.”

“हो,” पिपाणी म्हणाली. तिने काही नाकारले नाही, की ‘असू दे’ही म्हटले नाही.

निघताना आई दारात थांबली. “ती विसरेल. मी लगेच नाही विसरणार,” ती सूनबाईंना म्हणाली.

“नका विसरू,” सूनबाई म्हणाल्या. “मीही नाही विसरणार.”

तेव्हापासून सतराव्या ओळीतला शेरा असा आहे : ‘पाठीला पट्टा, रोजचा. मागचा भाग एक इंच जास्त. अस्तर एकेरी. हिला विचारून सांगायचे.’ मित्रांनो, मी हे तुम्हाला सांगते आहे, ते तिला विचारूनच. तिची एकच अट होती : खरे नाव घ्यायचे नाही, आणि आवाज वर चढतो हे मात्र नक्की सांगायचे.

तुम्हीही मोठेपणी कोणाकोणाच्या याद्या, मापे, गुण आणि आजार माझ्यासारख्या शीटमध्ये भराल. मला कोणाच्याही हाती देण्याआधी एकदा उलटी करून पाहा. समोरच्याला तीन रकाने हवे असतील तर तीन रकान्यांची वेगळी शीट द्या. मला दुमडून देऊ नका. मी विश्वासू आहे, पण जो उघडेल त्याच्यापुढे उघडते. माझ्याजवळ नाही म्हणायला तोंड नाही. ते तुम्ही व्हायचे.

रविवारच्या कार्यक्रमाला मला कोणी नेले नाही. स्प्रेडशीटला कोण नेणार? पण शनिवारी दुपारी चार वाजता माझ्यात एक नोंद झाली आणि क्षणात धाकटीकडेही पोहोचली. ती कोणीही पाहू शकत होते. क्रमांक सतरा, निळा पोशाख, काम कुठवर : नेला.